पंखा घोंघावतोय, पण सीपीयू १२ टक्केच?

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. सीपीयूच्या (मुख्य प्रोसेसरच्या) वापराचा आकडा १२-१३ टक्क्यांवर अडकलाय म्हणून निर्धास्त राहू नका. लॉजिकल प्रोसेसर (विंडोज सीपीयूचे जे भाग वेगवेगळे मोजते ते) आठ असतील, तर एकाइतकं काम पूर्ण जोरात चालूनही बेरीज १२.५ टक्केच भरते. परफॉर्मन्स टॅबमधल्या सीपीयूच्या आलेखावर राइट-क्लिक करून ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ निवडा. मात्र एकच चौकोन गच्च भरलेला दिसेलच असं नाही. विंडोज तेच काम इकडून तिकडे हलवत राहते.

आता प्रोसेसेस टॅबमध्ये सीपीयूच्या मथळ्यावर क्लिक करा, म्हणजे सर्वाधिक सीपीयू खाणारा प्रोग्रॅम वर येईल. ओळी सारख्या उड्या मारतात (वैताग!), तेव्हा कंट्रोल दाबून धरा, यादी थांबते.

सीपीयूचं तापमान इथे दिसत नाही. त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर वापरा. त्यात ‘थर्मल थ्रॉटलिंग’समोर (तापल्यामुळे सीपीयूने वेग कमी करणं) ‘येस’ असेल, तर आधी हवेच्या जाळीतली धूळ काढा.