जुना वेस्टर्न बघायला बसण्याआधी

वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडचे काउबॉय सिनेमे, नुसते घोडे आणि गोळीबार असं समजून बसलात तर पहिल्या वीस मिनिटांत हात मोबाइलकडे जाईल. या सिनेमांत बंदूक थोडाच वेळ चालते. बाकी वेळ माणसं वाट बघत असतात: गाडीची, वैऱ्याची, दिवस उजाडण्याची. सत्तर-ऐंशी वर्षांनंतरही लोक हे सिनेमे बघतात ते या वाट बघण्यासाठी. पण ती जाणवायला पडद्यावर मोकळी जागा दिसावी लागते आणि शांतता ऐकू यावी लागते. आजचे टीव्ही नेमक्या याच दोन गोष्टी बिघडवतात.

म्हणून सुरुवात रिमोटपासून. १९५३ पूर्वीचे सिनेमे जवळपास चौकोनी चौकटीत काढलेले आहेत, रुंदी उंचीच्या १.३७ पट. ४३ इंची टीव्हीचा पडदा साधारण ९५ सेंटिमीटर रुंद आणि ५३ उंच असतो. त्यावर हे चित्र ७३ सेंटिमीटर रुंद येतं आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात. त्या राहू द्या. 'झूम' करून पडदा भरलात तर चित्राचा वरचा-खालचा मिळून जवळजवळ पाव भाग कापला जातो; डोक्यावरच्या हॅटी जातात, डोंगरांचे माथे जातात. चित्र नुसतं ताणलंत तर घोडे म्हशींसारखे दिसतात. नंतरच्या २.३५ पट रुंदीच्या सिनेमांत पट्ट्या वर-खाली येतात. तिथे झूम केलं की दोन्ही कडा जातात, आणि द्वंद्वाच्या प्रसंगात नेमकी तिथेच माणसं उभी असतात! चित्राचा आकार 'ओरिजिनल' किंवा 'जस्ट स्कॅन' ठेवा.

दुसरं, हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा. मेनूत ते 'मोशन', 'स्मूथ', 'क्लॅरिटी' अशा कुठल्याही नावाखाली असतं. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा आहे. टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच्या मनाने भरतो आणि सगळं मालिकेच्या सेटवर घडल्यासारखं दिसू लागतं. 'फिल्ममेकर' किंवा 'सिनेमा' मोड असेल तर तो लावला की ही डोकेदुखी बहुतेक वेळा एका झटक्यात मिटते. 'नॉइज रिडक्शन'ही बंद. फिल्मचे कण पुसायला गेलं की घामेजलेला, सुरकुतलेला चेहरा मेणाचा होतो, आणि इटालियन दिग्दर्शकांनी काढलेल्या वेस्टर्नमध्ये बघायचे असतात ते चेहरेच. 'डायनॅमिक' किंवा 'व्हिविड' मोड तर लावूच नका. तेव्हा रात्रीचे बरेच प्रसंग भर दुपारी फिल्टर लावून काढत. उजेड वाढवला की रात्र निळसर दुपार होते आणि जमिनीवरच्या ठळक सावल्या चोरी पकडून देतात.

आवाजाचं 'ऑटो व्हॉल्यूम' किंवा 'नाइट मोड' बंद हवं, नाहीतर कुजबुज आणि गोळी एकाच पातळीवर येतात. आणि छताचा पंखा पाचवर असेल तर तो दोनवर आणा. हे थट्टेने म्हटलेलं नाही. कारण पुढे कळेल.

आता कुठून सुरुवात करायची? १९०३ ची 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' जेमतेम बारा मिनिटांची आहे; तोंडओळख म्हणून बघून टाका. खरी सुरुवात दिग्दर्शक जॉन फोर्डच्या 'स्टेजकोच'ने (१९३९, ९६ मिनिटं). एक घोडागाडी, त्यात एकमेकांना नाकं मुरडणारे प्रवासी, बाहेर मॉन्युमेंट व्हॅलीचे उभे सुळके. जॉन वेन पहिल्यांदा दिसतो तेव्हा कॅमेरा झपकन त्याच्याकडे धावतो आणि वाटेत क्षणभर चित्र धूसर होतं. ती चूक फोर्डने तशीच ठेवली. शेवटची चकमक तर जवळजवळ दिसतच नाही. ती ऐकायची असते.

मग 'हाय नून' (१९५२, ८५ मिनिटं). सूड घ्यायला निघालेला माणूस दुपारी बाराच्या गाडीने येणार, आणि मार्शल, म्हणजे गावचा कायदा राखणारा अधिकारी, मदत मागत दारोदार फिरतो. पडद्यावरचा वेळ आणि तुमच्या भिंतीवरचा वेळ जवळपास बरोबरीने चालतो. म्हणून हा सिनेमा मध्ये थांबवायचा नाही. चहा आधीच करून घ्या. दर वेळी घड्याळ दिसलं की काटे बघा. शेवटाकडे कॅमेरा उंच जातो आणि रिकाम्या रस्त्यात एकटा मार्शल (गॅरी कूपर) उरतो, तेव्हा मघाची प्रत्येक बंद खिडकी आठवते. लगेच दुसऱ्या दिवशी हॉवर्ड हॉक्सचा 'रिओ ब्राव्हो' (१९५९) लावा. मार्शलने गावाकडे मदत मागत फिरावं हे हॉक्सला पटलं नव्हतं, आणि त्याने हा सिनेमा उत्तरादाखल केला. दोन्ही लागोपाठ बघितले की भांडण समजतं.

'शेन' (१९५३) बघण्याआधी थोडा इतिहास हवा. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षं राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकर मिळू लागले. गुरांचे मोठे मालक मात्र मोकळ्या कुरणावर आपला हक्क समजत. १८७४ मध्ये काटेरी तारेचं पेटंट झालं आणि कुंपणं स्वस्त झाली. म्हणजे मूळ तंटा आपल्या ओळखीचा: बांधाचा. हे ठाऊक असलं की कुंपणाचा साधा खांबही धमकीसारखा दिसतो.

'द सर्चर्स' (१९५६) चौथा-पाचवा असू द्या, पहिला नको. नायक वंशद्वेष्टा आहे आणि सिनेमा ते लपवत नाही. पण मूळ रहिवाशांना नीट आवाजही देत नाही. टेक्सासची गोष्ट युटा-अॅरिझोनाच्या सीमेवर काढलेली, आणि कोमांची जमातीचे म्हणून दिसणारे बरेचसे लोक नवाहो जमातीचे आहेत. हे डोळ्याआड करून बघू नका. सुरुवातीला उघडणारं दार लक्षात ठेवा; शेवटी त्याचं काम आहे.

आता पंख्याकडे. इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'ची (१९६८) सुरुवात म्हणजे ओसाड स्टेशनवर थांबलेली तीन माणसं. बराच वेळ संगीत नाही. पवनचक्की कुरकुरते, हॅटवर थेंब टपटपतो, तोंडावर माशी बसते. हे ऐकू आलं नाही तर नुसते तीन आळशी दिसतील. १६५ मिनिटांची प्रत शोधा. अमेरिकेत आधी कापून दाखवली होती. ओठ आणि संवाद जुळले नाहीत तर तुमची प्रत बिघडलेली नाही: इटालियन सिनेमांत आवाज नंतर भरत आणि नट आपापल्या भाषेत बोलत. सबटायटल लावा आणि सोडून द्या.

हे झाल्यावरच 'शोले' (१९७५) पुन्हा लावा. लिओनेच्या सिनेमात एका कुटुंबाची हत्या होण्याआधी किडे किरकिरायचे अचानक थांबतात. ठाकूरच्या घरी झोपाळा कुरकुरत राहतो. 'शोले'च्या ध्वनिमिश्रणात मंगेश देसाईंचा हात आहे. दोन्हीकडे त्या हत्याकांडाची शेवटची गोळी सुटते, आणि तिचा आवाज विरायच्या आत आगगाडी येते.