लेथ दारात येण्याआधी

माझा पहिला लेथ, म्हणजे धातूचा बार फिरवून कापायचं यंत्र, आला तेव्हा टेम्पो बोळाच्या तोंडाशी उभा, हमाल कट्ट्यावर बसलेले आणि मी टेप घेऊन तिसऱ्यांदा दार मोजतोय. दार ३० इंच, लेथ मोटारीसकट ३३. शेवटी चौकट उखडली. मोटार आणि पट्ट्याचं गार्ड उतरवलं असतं तर तो सहज आत गेला असता, हे संध्याकाळी आमच्यातल्या जुन्या टर्नर आण्णांनी चहा पिता पिता सांगितलं. घरात त्या चौकटीचा विषय आजही निघतो.

तेव्हापासून रविवारी हौसेने लेथ चालवणाऱ्या आमच्या मंडळींपैकी कुणी "साडेचार फुटी बघून ठेवलाय" म्हणालं, की मी आधी लेथची नाही, जागेची चौकशी करतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर आधी निवडुंग काढला, मग कारखाना उभा केला. आपण मात्र आधी टेम्पो ठरवतो आणि मग जिन्याखाली काय आहे ते बघतो.

तर जागा. दार, बोळाचं वळण, पायरी, सगळं मोजून कागदावर लिहा. मग हातोडीच्या दांड्याने फरशी ठोकत फिरा. पोकळ आवाज आला तर तिथे लेथ ठेवायचा नाही, शहाबादी फरशी एका रात्रीत तडकते. साडेचार फुटी लेथ म्हणजे चारशे किलोच्या आसपासचं ओझं, तेही चार पायांवर. त्यात आपल्या सांगलीची काळी माती. पावसाळ्यात फुगते, एप्रिल-मेमध्ये भेगाळते आणि वरचा कोबा सोबत घेऊन हलते. माझ्या शेडमध्ये दीड-दोन फूट माती काढून मुरूम भरला, पाणी मारून धुम्मस केलं आणि वर सहा इंच काँक्रीट घातलं. २८ दिवस थांबायला सांगितलं होतं, मी वीस दिवसांत लेथ ठेवला. कोपऱ्यात एक भेग आहे, कुणी आलं की तिच्यावर पाय ठेवून उभा राहतो.

मागे भिंतीपासून दीड फूट सोडा, नाहीतर पट्टा बदलायला आणि लोखंडाचा कीस काढायला हात शिरत नाही. हेडस्टॉकच्या, म्हणजे बार फिरवणाऱ्या डाव्या टोकाच्या, बाजूला खिडकी आली तर फार बरं, लांब बार स्पिंडलमधून (फिरणाऱ्या पोकळ दांड्यातून) मागे काढता येतो. पण बाहेर निघालेला बार आधाराशिवाय जोरात फिरवू नका. तो वाकतो आणि मग काठीसारखा झोडपत सुटतो.

विजेचं काम लेथ यायच्या आधी उरकून घ्या. जुन्या लेथला बहुधा थ्री फेज मोटार असते आणि घरात सिंगल फेज. सरळ मार्ग म्हणजे एक हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटार बसवणे. वेग हवा तसा कमी-जास्त करायचा असेल तर व्हीएफडी, म्हणजे मोटारीचा वेग बदलणारं विजेचं उपकरण. पण तो घेण्याआधी मोटारीवरची पाटी वाचा. २३० व्होल्ट सिंगल फेजवर चालणारा साधा व्हीएफडी थ्री फेजही २३० व्होल्टचाच देतो, म्हणून मोटार २३० वर डेल्टामध्ये जोडता आली पाहिजे (डेल्टा आणि स्टार या मोटारीची वेटोळी जोडायच्या दोन पद्धती). पाटीवर "२३० डेल्टा, ४१५ स्टार" असेल तर टर्मिनल बॉक्समधल्या पट्ट्या फिरवल्या की झालं. बॉक्समध्ये तीनच वायरी दिसल्या तर स्टार आतच बांधलेला आहे, मग रिवाइंडिंगवाल्याकडून सहा टोकं बाहेर काढून घ्यायची. व्हीएफडी आणि मोटारीच्या मधे वेगळा स्विच टाकू नका, चालू-बंद व्हीएफडीवरूनच करा. आणि चक (बार पकडणारा जबडा) आट्यांवर बसणारा असेल तर उलटा फिरवताना आणि झटक्यात ब्रेक मारताना फार जपून, आटे सुटतात आणि चक अंगावर येतो. अर्थिंगबद्दल मी वेगळं लिहीत नाही, ते नसेल तर पुढचं वाचूच नका.

आता मशीन बघायला जाताना. खिशात टॉर्च, डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं), मॅग्नेट स्टँड आणि २५ मिमीचा सरळ एमएस (साध्या पोलादाचा) बार असू द्या. रंगाकडे बघू नका, विकायच्या आदल्या आठवड्यात रंग सगळेच मारतात. सॅडल, म्हणजे हत्यार घेऊन सरकणारा भाग, टेलस्टॉकच्या (उजवीकडच्या आधाराच्या) टोकाला नेऊन जिब (ढिलाई काढायची पट्टी) नीट कसा आणि मग चकच्या दिशेने आणा. टोकाला घट्ट आणि चकपाशी ढिला लागला तर बेड, म्हणजे सॅडल सरकतो तो पाया, झिजलाय. थोडी झीज प्रत्येक जुन्या मशीनला असणारच, तेवढ्यावरून उठून यायचं नाही, भाव मात्र त्यावर करायचा. स्पिंडलवर डायल लावून चकखाली लाकडी दांडका घालून हलकं उचला, काटा किती हलतो ते पाहा. मग हाफ नट (सॅडल लीड स्क्रूला जोडणारा) लावून सॅडल मागेपुढे ढकला. लीड स्क्रू, म्हणजे आटे पाडताना सॅडल ओढणारा लांब स्क्रू, हाही चकपाशीच जास्त झिजतो, कारण आटे पाडायचं काम बहुतेक तिथेच होतं.

आणि गिअर मोजा. एक एक हातात घेऊन, दातांचा आकडा लिहून. लीड स्क्रू इंची असेल तर मिलिमीटरचे आटे अचूक पाडायला १२७ दातांचा गिअर लागतो, कारण इंच म्हणजे २५.४ मिमी आणि त्याची पाचपट १२७. हा गिअर हरवलेला असण्यात पटाईत. माझा हरवलेलाच होता. मालक म्हणाले, "असंल बघा कुठंतरी, पाठवून देतो." सहा वर्षं झाली. शेवटी मिरजेच्या एका मित्राने त्याच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत कापून दिला. पैसे घेईना, म्हणून त्याच्या मुलाच्या सायकलला मी पितळी बुश करून दिले.

माणसांची तयारी वेगळी करावी लागते. लेथ हलवायला पाच जण लागतात, पैकी एकाचं काम फक्त बघायचं आणि "थांबा" म्हणायचं. आमच्यात ते आण्णा. चाळीस वर्षं टर्नर म्हणून काम केलेला माणूस, पहारीला हात लावत नाही, पण त्यांनी थांबा म्हटलं की सगळे थांबतात. लेथचं वजन हेडस्टॉककडे आणि वर असतं, ढकलताना तो चटकन कलंडतो. उचलण्याआधी सॅडल आणि टेलस्टॉक उजव्या टोकाला सरकवा म्हणजे तोल जरा सावरतो. उचलायचा पट्टा बेडला घाला, लीड स्क्रूला चुकूनही लागू देऊ नका. आत न्यायला इंची पाइपचे चार तुकडे आणि दोन पहारी पुरतात. चेन ब्लॉक (ओझं उचलायची साखळीची कप्पी) छताच्या हुकाला अडकवायचा विचार मनात आला तर तो हुक पाळण्यासाठी टाकला होता हे आठवा. हमालांना मजुरी आधी ठरवून सांगा आणि सगळ्यांसाठी भडंग, कांदा, चहा तयार ठेवा. हे गमतीत म्हणत नाही, भुकेला माणूस पाइप चुकीच्या बाजूला सरकवतो.

लेव्हल लावणं हा पहिल्या दिवसाचा उद्योग नाही. आठवडाभर मशीन बसू द्या. गवंड्याची लेव्हल इथे कामाची नाही, एका रेघेला मीटरमागे दोन शतांश मिलिमीटर दाखवणारी लागते. ती महाग असते, म्हणून आम्ही सहा जणांत एकच घेतली आहे आणि ती घरोघरी फिरते. शेवटचा निकाल मात्र कापून बघण्यातच. ३० मिमीचा बार चकमध्ये धरून १५० मिमी बाहेर ठेवा, टेलस्टॉक लावू नका. मधला भाग बारीक करून दोन्ही टोकांना कॉलर (जाड कडं) ठेवा आणि त्याच सेटिंगवर दोन्हींवरून अगदी हलका कट घ्या. मायक्रोमीटरने मोजा. टेलस्टॉककडची कॉलर जाड आली तर बेडला पीळ आहे. टेलस्टॉककडच्या पुढच्या, म्हणजे आपण उभे राहतो त्या बाजूच्या पायाखाली पातळ शिम (पत्र्याचा तुकडा) घाला आणि पुन्हा कट घ्या. माझ्याकडे पहिल्या वेळी सहा शतांशांचा फरक होता, कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून घातला तेव्हा एकावर आला. दिवाळीनंतर आणि मे महिन्यात ही चाचणी पुन्हा करायची, मातीमुळे.

अंगावरची यादी लहान आहे. हातमोजे नाहीत, लोंबती बाही नाही, अंगठी नाही. आपल्याकडे एक जास्तीचं आहे, मनगटातला देवाचा दोरा. तो काढून खिळ्याला लावा, देव समजून घेतो. जानवं आणि गळ्यातली साखळी शर्टाच्या आत. कीस आकडीने ओढायचा. चकची चावी चकमध्ये विसरायची सवय लागण्याआधी एक सवय लावा, हात चावीवर असेपर्यंत ती चकमधून बाहेर आलीच पाहिजे. चष्मा नसेल तर आण्णा शेडमध्ये येत नाहीत, दारातूनच परततात.

राहिला महापूर. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा माझ्या शेडमध्ये ते चकच्या मध्यापर्यंत होतं. पाणी उतरलं तेव्हा लेथ लोखंडाचा राहिलाच नव्हता, चॉकलेटी गाळाचा झाला होता. तिसऱ्या दिवशी पाच जण रॉकेलचे डबे घेऊन आले. दोघांच्या स्वतःच्या घरात चिखल होता. क्रॉस स्लाइड (सॅडलवरचा आडवा सरकणारा भाग) उघडली तर जिबच्या फटीत पिठासारखा बारीक गाळ बसलेला. तो पुसून काढताना एक जण म्हणाला, "लॅपिंग पेस्ट फुकटात आली की." धातू घासून गुळगुळीत करायची ती पेस्ट. तेवढ्यातही हसलो. बेड वाचला, मोटार गेली.

म्हणून आता मोटार चार बोल्टवर आणि प्लगवर आहे, वायरी कापाव्या लागत नाहीत. पुलाजवळची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. मी ३५ ला मोटार आणि व्हीएफडी माळ्यावर नेतो, बेडला जाड ग्रीस फासतो, चक काढून पोत्यात गुंडाळतो. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की तेल-ग्रीस जागेवर आहे का ते बघायचं. त्या चार बोल्टचा १७ चा पाना मोटारीशेजारीच दोरीने बांधून ठेवायचा आणि दुसऱ्या कुठल्याही कामाला घ्यायचा नाही. मागच्या रविवारी मी स्कूटरसाठी घेतला होता. अजून सापडलेला नाही.