सायकल ट्रॅक चौकात तुटू नये म्हणून: सांगली-मिरजेच्या रस्त्यांसाठी

सकाळी सहाला विश्रामबागेकडे क्लासला निघालेली मुलं, दोन्ही बाजूंना कॅन लावलेला दूधवाला, कुपवाडच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला निघालेला कामगार. सांगली, मिरज आणि कुपवाड ही सपाट गावं. इथे सायकल अजूनही पोटापाण्याचं वाहन आहे. या लोकांसाठी रस्त्याच्या कडेला पांढरा पट्टा ओढून सायकलचं चित्र काढलं, तर आठवडाभरात त्या चित्रावर मोटारी उभ्या राहतात. पट्टा सरळ रस्त्यावर दिसतो आणि चौक आला की नेमका गायब होतो. सायकलवाल्याला जिथे सगळ्यात जास्त धोका, तिथेच त्याला वाऱ्यावर सोडलं जातं. म्हणून आराखडा काढताना सुरुवात चौकापासून करा आणि मग मधल्या सरळ भागाकडे या.

आधी रस्ता कोणाचा ते काढा

रस्ता महापालिकेचा आहे, सार्वजनिक बांधकाम विभागाचा आहे की राष्ट्रीय महामार्गाचा, हे लेखी विचारून घ्या. एकाच रस्त्याचे दोन तुकडे दोन खात्यांकडे असणं नवं नाही, आणि ट्रॅकच्या मागणीचा अर्ज चुकीच्या टेबलावर गेला की वर्ष जातं. अर्जात एक कलम जरूर लिहा: मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं १९८अ. रस्त्याचा आराखडा, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या प्रमाणांप्रमाणे नसल्यामुळे कोणी दगावलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ट्रॅकसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची स्वतंत्र पुस्तिका आहे, आयआरसी ११. अभियंता ‘प्रमाणच नाही’ म्हणाला तर हा क्रमांक सांगा.

मग मोजणी. कामाच्या एका दिवशी सकाळी ६ ते १० आणि संध्याकाळी ४ ते ८, दर पंधरा मिनिटांचा वेगळा रकाना. किती सायकली, कोणत्या दिशेने, त्यात शाळकरी मुलं किती. आणखी एक रकाना बहुतेक जण विसरतात: उलट्या बाजूने येणाऱ्या सायकली. हा आकडा मोठा निघाला तर लोकांना बेशिस्त ठरवून मोकळं होऊ नका. दुभाजकाला अर्धा किलोमीटर तोंडच नसेल तर शाळेतलं पोर उलटंच येणार. तिथे रस्ता ओलांडायची जागा द्यावी लागते, नाहीतर त्या बाजूचा ट्रॅक दुहेरी करावा लागतो.

रुंदी कशी वाटायची

एका सायकलला डुलण्यासकट एक मीटर जागा लागते. एकाने दुसऱ्याला ओलांडायचं तर एकेरी ट्रॅक किमान २ मीटर हवा, दुहेरी ट्रॅक ३ मीटर. ही रुंदी मोकळी मोजा. विजेचा खांब, विजेची पेटी (डीपी), झाडाचा बुंधा आत येत असेल तर तेवढी वजा करा. बाजूला भिंत किंवा रेलिंग असेल तर अर्धा मीटर वाया गेला असं धरा, कारण हँडल घासण्याच्या भीतीने कोणीही भिंतीला चिकटून चालवत नाही.

सांगलीचा शंभर फुटी रस्ता नावाप्रमाणे धरला तर ३०.५ मीटर होतो. मध्ये दीड मीटर दुभाजक सोडला की प्रत्येक बाजूला १४.५ मीटर उरतात. त्यात वाहनांच्या दोन मार्गिका ६.५, पार्किंग-झाडं-बसथांबा यांची पट्टी २.५, मोकळी सुरक्षा पट्टी ०.७५, सायकल ट्रॅक २.२५ आणि फूटपाथ २.५ मीटर बसतो. क्रम महत्त्वाचा आहे: पार्किंग ट्रॅकच्या रस्त्याकडच्या बाजूला, म्हणजे उभ्या गाड्याच आडोसा होतात. पाऊण मीटरची पट्टी गाडीच्या उघडणाऱ्या दारासाठी. ती काढून टाकली तर दार थेट सायकलवाल्याच्या छातीवर.

साठ फुटी रस्त्यावर, म्हणजे १८.३ मीटरमध्ये, दोन्ही बाजूंना पार्किंग ठेवून ट्रॅक बसत नाही. एका बाजूचं पार्किंग काढायचं, हा निर्णय आराखड्याच्या पहिल्याच बैठकीत दुकानदारांसमोर घ्या, नंतर नाही.

कापड पेठ, हरभट रोडसारख्या जुन्या बाजारभागात ट्रॅकचा हट्ट धरू नये. तिथे वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत आणणं हाच उपाय. ताशी ५० ने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे जाते, ३० ने येणारी ८.३ मीटर, आणि ५० च्या धडकेतली ऊर्जा ३० च्या पावणेतीनपट असते. गतिरोधक रबराच्या पट्ट्यांचे किंवा हातगाडीवरचं डांबर ओतून केलेले नकोत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणाचा गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. तो गाडीला ताशी २५ वर आणतो, आणि सायकलवरच्या माणसाची कंबर शाबूत राहते.

बांधणी

आपल्याकडे खाली काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचा पातळ थर कडेने फाटतो. किमान ३० सेंटिमीटर माती काढून मुरूम भरा, पाणी मारून रोलर फिरवा, वर १० सेंटिमीटर खडी, त्यावर १२ सेंटिमीटर काँक्रीट. मोटारी आत-बाहेर करतात त्या गेटसमोर काँक्रीट १५ ते २० सेंटिमीटर हवं. दर तीन मीटरला ४ सेंटिमीटर खोल सांधा कापा, आणि तो काँक्रीट टाकल्यापासून चोवीस तासांच्या आत. उशीर झाला तर तडा स्वतःची वाट शोधतो. वरचा शेवटचा हात झाडू आडवा ओढून खरखरीत करा, म्हणजे पावसात चाक घसरत नाही. गोणपाट टाकून किमान सात दिवस भिजवत ठेवा. डांबरही चालेल. पेव्हर ब्लॉक मात्र टाळा: वर्षभरात कुठला दबतो, कुठला उचलतो, आणि चाक सारखं खडखडत राहिलं की सायकलवाला ट्रॅक सोडून रस्त्यावर येतो.

ट्रॅक वाहनांच्या रस्त्यापेक्षा ७ ते १० सेंटिमीटर उंच, फूटपाथ त्याहून ५ सेंटिमीटर उंच. ट्रॅकच्या कडेचा दगड उभा ठेवू नका, तिरका ठेवा. पेडल खाली आलं की जमिनीपासून जेमतेम १० सेंटिमीटर राहतं. उभ्या कडेला ते आपटलं की माणूस पडलाच. पाण्यासाठी ५० ला १ उतार पुरतो.

आता गटारीची जाळी बघा. सळ्या रस्त्याच्या दिशेने लांबट बसवलेल्या असतात, मधली फट दोन बोटांची. साध्या सायकलचा टायर ४ सेंटिमीटरच्या आसपास असतो, रेसिंगचा त्याहून बराच बारीक. पुढचं चाक फटीत गेलं की सायकल जागच्या जागी थांबते आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. सळ्या आडव्या हव्यात आणि फट २ सेंटिमीटरपेक्षा मोठी नको. त्याहून चांगलं म्हणजे पाणी कडेच्या दगडातल्या उभ्या तोंडातून गटारीत घ्या, जाळी ट्रॅकवर येऊच देऊ नका. चेंबरची झाकणं आणि ढापे ट्रॅकच्या पातळीला पट्टी ठेवून तपासा; १ सेंटिमीटरचा फरक दिसला तरी बिल अडवा.

गेटसमोर हमखास होणारी चूक: प्रत्येक बंगल्यापुढे, दुकानापुढे ट्रॅक रस्त्याच्या पातळीला उतरवतात आणि पुन्हा चढवतात. शंभर मीटरमध्ये आठ खड्डे चढ-उतरायला कोणी येत नाही. ट्रॅक सपाट ठेवा, उतार सुरक्षा पट्टीच्या रुंदीत बसवा. चढायचं ते मोटारीने चढावं.

चौक

आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे चौकातला मुख्य धोका डावीकडे वळणारी गाडी. सायकल सरळ चाललेली असते, शेजारचा टेंपो तिच्यावरच वळतो. उपाय तीन, आणि तिन्ही एकत्र लागतात. पहिला, कोपऱ्याचा गोलावा लहान करा, म्हणजे वळताना वेग उतरतो. दुसरा, सायकलची ओलांडायची वाट मूळ रस्त्यापासून एका मोटारीच्या लांबीएवढी, सुमारे ५ मीटर, आत घ्या. वळलेल्या गाडीला समोर सायकल आडवी दिसते आणि थांबायला जागाही मिळते. तिसरा, लहान गल्ल्यांच्या तोंडाशी ट्रॅक खाली न उतरवता त्याच उंचीवरून पलीकडे न्या.

लहान गोलाव्याला इथे एक खरी अडचण आहे, ती म्हणजे ऊस. हंगामात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वळतो तेव्हा पुढची चाकं मोठा वळसा घेतात आणि मागची ट्रॉली कोपरा कापत आत येते, बाहेर आलेल्या मोळ्यांसकट. नुसता उभा दगडी कोपरा केला तर पहिल्याच महिन्यात फुटेल, आणि मागे थांबलेली सायकल ट्रॉलीखाली सापडेल. म्हणून कोपऱ्याला बाहेरून खडबडीत घडीव दगडांची उतरती पट्टी द्या, जास्तीत जास्त ५ सेंटिमीटर उंच. मोटारवाला हादऱ्यामुळे ती टाळतो, ट्रॉलीचं चाक तिच्यावरून जाऊ शकतं. सायकल थांबायची जागा त्या पट्टीच्या आत, पक्क्या बेटामागे. गाड्यांच्या पुढे नुसता रंगवलेला चौकोन देऊ नका. लाल दिवा लागला की तो मोटारसायकलींनी भरतो.

उजवं वळण दोन टप्प्यांत द्या: आधी सरळ पलीकडे, तिथल्या बेटामागे थांबायचं, मग दुसऱ्या हिरव्या दिव्यावर पुढे. सिग्नलची वेळ सायकलच्या चालीने मोजा. थांबलेली सायकल सेकंदाला साधारण ३.३ मीटरने चौक पार करते, निघायला वर दोन-तीन सेकंद. ३० मीटरच्या चौकाला बारा सेकंद लागतात. शक्य असेल तर सायकलचा हिरवा दिवा चार-पाच सेकंद आधी लावा.

थांबे आणि अडथळे

बसथांब्यावर ट्रॅक थांब्याच्या मागून न्या आणि प्रवाशांसाठी किमान दोन मीटर रुंद बेट ठेवा. वडाप, म्हणजे शेअर, रिक्षांनाही आखलेली जागा द्या. दिली नाही तर त्या ट्रॅकच्या तोंडाशीच उभ्या राहतात, कारण गिऱ्हाईक तिथेच असतं. फळगाडे, सरबताचे गाडे यांचंही तसंच: त्यांची जागा पार्किंगच्या पट्टीत आखा, हाकलून चार दिवसांत ते परत येतात.

ट्रॅकच्या तोंडाशी खांब रोवताना दोन खांबांत १.२ मीटर मोकळी जागा ठेवा. मोटार आणि रिक्षा अडतात. मोटारसायकल अडत नाही, आणि तिला अडवायला जागा आणखी अरुंद केली तर कॅनवाला दूधवाला आणि दिव्यांगांची तीनचाकी आधी अडकते. मोटारसायकली ट्रॅकवर येतात त्या बहुधा वळणाची जागा लांब असते म्हणून. ती जवळ आणली की बऱ्याचशा कमी होतात, उरलेल्यांसाठी वाहतूक पोलीस लागतो.

काँक्रीट ओतण्याआधी पंधरा दिवस चाचणी घ्या. चुन्याची रेघ, पाच-पाच मीटरवर शंकू, कोपऱ्यांना वाळूची पोती. पोतं कुठे फाटलं, शंकू कुठे चेपला, ते रोज संध्याकाळी नकाशावर मांडा. ट्रॅक्टरची चाकं कुठून जातात ते पाहायचं असेल तर ही चाचणी हंगामातच घ्यावी लागेल.

देखभालीच्या निविदेत ट्रॅकची झाडलोट वेगळी लिहा. रस्त्यावरची वाळू, काच, उसाचं पाचट वाऱ्याने आणि चाकांनी कडेला, म्हणजे ट्रॅकवरच, येतं. २०१९ आणि २०२१ सारखा कृष्णेचा पूर आला तर नदीकाठच्या भागातला गाळ ओला असतानाच पाण्याच्या जोराने धुवून काढा; वाळला की त्याचा घट्ट थर बसतो आणि पुढच्या सरीला साबणासारखा निसरडा होतो.