बॅटरी बदलण्याआधी तिचे टर्मिनल उघडून बघा

चावी फिरवली की ‘कट’ असा एकच आवाज येतो, डॅशबोर्डवरचे दिवे मंदावतात आणि सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) काही फिरत नाही. दोन-चार वेळा प्रयत्न केला की गाडी अचानक सुरू होते आणि मग दिवसभर काही तक्रार नसते. बहुतेक जण लगेच निकाल देऊन टाकतात: बॅटरी गेली. पण म्हातारी झालेली बॅटरी सहसा असा लहरी कारभार करत नाही. ती आधी थंडीत सकाळी कुरकुरते, मग रोजच कुरकुरू लागते. कधी चालू तर कधी ठप्प असं होत असेल, तर पहिला संशय बॅटरीच्या डोक्यावरच्या दोन जोडांवर घ्या. काम तासाभराचं आहे आणि त्यासाठी गॅरेज लागत नाही.

‘पण हेडलाइट तर झकास लागतात, मग जोड खराब कसा?’ हा प्रश्न हमखास येतो. गोम इथेच आहे. समजा, गंजामुळे जोडात फक्त ०.०२ ओहम रोध तयार झाला. दोन्ही हेडलाइट मिळून साधारण ९ अँपिअर घेतात, म्हणजे त्या जोडात ०.१८ व्होल्ट वाया जातात. दिव्याला ते जाणवतही नाही. सेल्फ मात्र १५० अँपिअर मागतो, कधी त्याहून जास्त. त्याच जोडात आता ३ व्होल्ट गळतात आणि सेल्फपर्यंत जेमतेम ९ पोचतात. तेवढ्यात इंजिन फिरेलच याची खात्री नाही. म्हणून दिवे लागतात यावरून जोड चांगला आहे असं ठरवू नका.

आधी दुखणं कुठे आहे ते बघा

गाडी बंद करा, बोनेट उघडा आणि हातातली अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. आता एका वेळी एकच क्लॅम्प, म्हणजे तारेच्या टोकाची धातूची पकड, हाताने धरून पिळून बघा. तो बॅटरीतून वर आलेल्या शिशाच्या खांबावर किंचितही फिरता कामा नये. फिरला, तर निदान झालंच. पांढरट भुकटी किंवा निळसर-हिरवे खडे दिसत असतील तर तेही सांगायला नको. पांढरं ते मुख्यतः लेड सल्फेट, निळं-हिरवं ते कॉपर सल्फेट. दोन्ही बॅटरीतल्या आम्लाची करणी. खांबाच्या बुडाशी असलेल्या फटीतून किंवा झाकणांतून आम्लाचा अंश बाहेर येतो आणि धातू खात बसतो. ‘सीलबंद’ बॅटरीलाही हे चुकत नाही.

मात्र वरून चकचकीत दिसणारा जोडही आतून खराब असू शकतो. त्यासाठी मल्टीमीटर (व्होल्ट मोजणारं यंत्र) हवा. डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक थेट शिशाच्या खांबाच्या माथ्यावर टेकवा आणि दुसरं क्लॅम्पच्या धातूवर. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.१ व्होल्टच्या आत आकडा असेल तर जोड ठणठणीत. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसला तर तो उघडायलाच हवा. दोन्ही टोकं क्लॅम्पवरच टेकवलीत तर काहीच कळणार नाही, कारण आपल्याला मोजायची आहे ती त्या दोघांमधली गळती.

मीटर हातात आहेच, तर बॅटरीही तपासून घ्या. काही तास उभ्या असलेल्या गाडीत खांबाखांबांमध्ये १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली असेल तर जोड कितीही साफ केलात तरी आधी चार्जिंग लागेल.

काय काय लागेल

बहुतेक गाड्यांना दहाचा पाना बसतो, काहींना आठ किंवा तेराचा. शिवाय वायर ब्रश, मध्यम खरखरीचा पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, खाण्याचा सोडा, पाणी, दोन-तीन फडकी, रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा. शेवटी लावायला व्हॅसलीन. चष्म्याला टंगळमंगळ नको: बॅटरीतलं द्रव्य सल्फ्युरिक आम्ल असतं आणि खडे खरवडताना ते कुठे उडेल सांगता येत नाही. डोळ्यात गेलंच तर निदान १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरा आणि डॉक्टर गाठा.

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि एका ठिणगीने तो भडकू शकतो. म्हणून काम मोकळ्या हवेत करा, सिगारेट-लायटर दूर ठेवा. लांबून आलेली गाडी असेल तर आधी ती थोडी निवू द्या.

आणखी एक, जे नंतर आठवून उपयोग नाही. बॅटरी सुटली की घड्याळ, रेडिओची स्टेशनं, काही गाड्यांत काचांची आपोआप वर जाण्याची सोय हे सगळं विसरलं जातं. काही जुन्या म्युझिक सिस्टिम कोड मागतात, तो आधी हाताशी ठेवा. बॅटरी डिकीत असेल आणि डिकीचं कुलूप विजेवर चालत असेल, तर काम होईपर्यंत डिकी लावू नका. किल्ली गाडीत नको, खिशात हवी. गाडी बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, कारण हल्लीच्या गाड्यांतली इलेक्ट्रॉनिक्स लगेच झोपत नाहीत. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी रंगाच्या केबलला हात लावू नका, आणि १२ व्होल्टची बॅटरी सोडण्यापूर्वी गाडीचं माहितीपुस्तक वाचा.

पायरी १: निगेटिव्ह आधी सोडा

हा क्रम मोडायचा नाही. गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. तुम्ही पॉझिटिव्हचा नट आधी सोडायला गेलात आणि पान्याचं दुसरं टोक बॉडीला लागलं, तर बॅटरी थेट शॉर्ट होते. पाना लाल होतो, ठिणग्या उडतात आणि वर हायड्रोजन असतोच. निगेटिव्ह आधी सुटलेला असेल तर पाना बॉडीला कुठेही लागला तरी सर्किट पूर्ण होत नाही. काळी तार, ‘−’ खूण असलेला क्लॅम्प आधी काढा आणि तो परत उडी मारून खांबाला लागू नये म्हणून फडक्यात गुंडाळून बाजूला सारा. मग लाल तार, ‘+’ खूण.

इंजिन चालू ठेवून टर्मिनल काढून ‘अल्टरनेटर (चालू इंजिनावर बॅटरी चार्ज करणारा जनित्र) चालतोय का’ बघण्याची जुनी खोड कुणाला असेल तर ती सोडलेली बरी. बॅटरी सुटताच अल्टरनेटरचा व्होल्टेज उसळतो आणि त्यात गाडीचं कंट्रोल युनिट (तिचा संगणक) जळू शकतं.

क्लॅम्प निघत नसेल तर खालून स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. खांब बॅटरीच्या झाकणात बसवलेला असतो. तो हलला की तिथून कायमची गळती सुरू. नट पूर्ण ढिला करा, क्लॅम्पच्या फटीत स्क्रू ड्रायव्हरचं टोक अलगद फिरवून ती थोडी उघडा, आणि क्लॅम्प डावी-उजवीकडे फिरवत वर घ्या. फारच गंजला असेल तर आधी पुढच्या पायरीतलं सोड्याचं पाणी ओतून दहा मिनिटं सोडून द्या. निगेटिव्ह क्लॅम्पलाच चिकटलेला एखादा प्लास्टिकचा डबीसारखा भाग दिसला, तर तो बॅटरीचा सेन्सर. स्टार्ट-स्टॉप, म्हणजे थांबल्यावर इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या गाड्यांत तो बहुधा असतो आणि तो महाग असतो. त्याला धरून ओढाताण नको.

पायरी २: आम्ल मारा

कपभर कोमट पाण्यात मोठा चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवा. बॅटरीला पाणी भरायची टोपणं असतील तर ती घट्ट बंद आहेत ना बघा, कारण सोडा आत गेला तर आतलं आम्लही तोच मारेल. आता टूथब्रशने हे पाणी खांबावर आणि क्लॅम्पवर लावा. लगेच फसफसायला लागेल, मळकट फेस वर येईल आणि निळे-हिरवे खडे त्यात सुटून येतील. पुसा, पुन्हा लावा. नवं पाणी लावल्यावर फसफस झाली नाही की आम्ल संपलं. मग साध्या पाण्याने धुऊन फडक्याने खडखडीत कोरडं करा.

काही जण यावर कोला ओततात. खडे निघतात हे खरं, पण तेही आम्लच, आणि मागे साखरेचा चिकटा राहतो. नुसतं उकळतं पाणी ओतलं तर खडे विरघळून खाली ट्रेवर जातात आणि तिथला रंग खातात. सोडा असताना या खटपटी कशाला?

पायरी ३: घासा, पण बेताने

खडे गेले म्हणजे काम झालं असं नाही. वीज जाते ती क्लॅम्पच्या आतल्या गोल पृष्ठभागातून खांबाच्या बाहेरच्या पृष्ठभागात, आणि तिथे काळपट-राखाडी पापुद्रा बसलेला असतो. तो दिसतही नाही इतका पातळ असतो आणि नेमका तोच आड येतो. पॉलिश पेपरची पट्टी खांबाभोवती गुंडाळून फिरवा, दुसरी पट्टी बोटाला गुंडाळून क्लॅम्पच्या आतून फिरवा. शिशाची ताजी रुपेरी झाक सगळीकडून दिसली की थांबा. शिसं मऊ असतं. कानशीने जोरात घासलंत तर खांब बारीक होईल आणि क्लॅम्प कधीच घट्ट बसणार नाही.

ही भुकटी शिशाची आहे, तेव्हा फुंकर मारू नका. ओल्या फडक्याने टिपा आणि शेवटी हात साबणाने धुवा.

तार क्लॅम्पमध्ये शिरते तिथेही बघा. वरचं रबर फुगलेलं किंवा कडक लागलं आणि आत तांब्याच्या तारा हिरव्या पडल्या असतील, तर टर्मिनल कितीही चकाकलं तरी त्रास राहणारच. ती तार बदला.

पायरी ४: बसवा

आता क्रम उलटा: पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. क्लॅम्प हाताने खाली दाबून पूर्ण बसवा, खांबाचा माथा क्लॅम्पच्या बरोबरीला किंवा किंचित वर यायला हवा. हातोडी अजिबात नको. मग नट आवळा. दहाच्या पान्याला मनगटाची ताकद पुरते, टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) असेल तर साधारण ५ न्यूटन-मीटर. त्यापुढे गेलात की बोल्टचे आटे तरी जातील किंवा क्लॅम्प तरी चिरेल.

नट पुरता आवळला, क्लॅम्पची फट मिटून दोन्ही टोकं एकमेकांना टेकली, आणि तरी क्लॅम्प फिरतोय? नवी बॅटरी टाकल्यानंतर हे हमखास दिसतं. जाड खांबाच्या बॅटरीत पॉझिटिव्ह वरच्या टोकाला १९.५ मिलिमीटर असतो आणि निगेटिव्ह १७.९, बारीक खांबाच्या प्रकारात १४.७ आणि १३. जाड खांबाचा क्लॅम्प बारीक खांबावर चढवला तर तो पकडणार कसा? यावर शिशाची तयार टोपी मिळते, ती खांबावर चढवा. क्लॅम्प जुना होऊन ताणला गेला असेल तर नवा टाका. फटीत खिळा ठोकणं, ॲल्युमिनियमच्या फॉइलची घडी कोंबणं, तारेचा तुकडा अडकवणं हे प्रकार सर्रास चालतात आणि काही आठवड्यांत मूळ दुखणं परत आणतात.

निगेटिव्ह टेकवताना बारीकशी ठिणगी दिसली तर घाबरू नका. मोठी दिसली तर दिवे किंवा दुसरं काहीतरी चालू राहिलंय.

नट आवळून झाल्यावर, आणि त्यानंतरच, वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्या. हा थर हवा आणि ओल रोखतो; वीज वाहून नेणं त्याचं काम नाही, म्हणून जोडाच्या आत तो भरायचा नाही.

जाता जाता बॅटरी दोन्ही हातांनी हलवून बघा. ट्रेमध्ये ती डुगडुगत असेल तर खड्ड्याखड्ड्याला टर्मिनल ढिलं होत राहील. खालची किंवा वरची पट्टी आवळा.

गाडी सुरू करून बघताना

सुरुवातीला इंजिन थोडं वेगळ्या चालीने चालेल, काही किलोमीटरांत ते सावरतं. चालू इंजिनवर खांबाखांबांमध्ये १३.८ ते १४.५ च्या दरम्यान व्होल्ट दिसले तर चार्जिंग नीट आहे. आकडा १५ च्या पुढे जात असेल तर अल्टरनेटरचा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय, बॅटरी उकळतेय आणि तुम्ही आज काढलेले खडे लवकरच परत येतील. आणि सेल्फ अजूनही तसाच अडखळत असेल, तर काळ्या तारेचा माग काढत तिचं दुसरं टोक शोधा: बॉडीवर आणि इंजिन ब्लॉकवर जिथे ती बोल्टने आवळलेली असते, तिथला गंज आणि रंग घासून तोच मल्टीमीटर लावा.