परदेशी गेलेल्या लाडक्या खेळाडूची वही कशी करावी

खेळाडू निवृत्त झाला की उभं राहून टाळ्या वाजवता येतात. परदेशातल्या संघात गेला की तसं होत नाही. हंगाम संपतो आणि पुढच्या वर्षी त्याच्या जागेवर दुसराच कुणी पळताना दिसतो. त्याचा खेळ तिकडे चालूच असतो, पण आपल्यासमोर नसतो. अशा खेळाडूच्या आठवणी वेळेवर गोळा केल्या नाहीत तर विरून जातात. मी आणि आमच्या भागातल्या काही जुन्या चाहत्यांनी रग्बी लीगचा खेळाडू जेम्स ग्रॅहम याची वही केली. तुमचा खेळाडू वेगळा असेल, खेळही वेगळा असेल, पण काम कसं करायचं ते यावरून कळेल.

आमचं गाव सेंट हेलेन्स. लिव्हरपूल आणि मँचेस्टरच्या मधलं, काचेच्या कारखान्यांचं. मी मूळची मिरजेची, इथे औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. या गावात रग्बी लीगवाचून पान हलत नाही. एका बाजूला तेरा खेळाडू. चेंडू हातात असलेल्या संघाला सहा वेळा पकडलं की चेंडू समोरच्याला द्यायचा. कबड्डी बघत वाढलेल्या माणसाला या खेळातली पकड शिकवावी लागत नाही, खांदा कुठे लागला की गडी थांबतो हे त्याला दिसतंच.

ग्रॅहम ‘प्रॉप’ या जागेवर खेळायचा. सगळ्यात आधी, सगळ्यात जास्त मार खाणारी ही जागा. या जागेवरचे बहुतेक गडी मान खाली घालून भिंतीवर आदळतात. लाल केसांचा हा माणूस मात्र आदळण्याच्या क्षणी मान वर करून बघायचा आणि चेंडू कुणाला तरी अलगद देऊन टाकायचा. इथे त्याला ‘जॅमर’ म्हणतात.

आधी तारखांचा सांगाडा

पहिल्या पानावर भावना नकोत, फक्त वर्षं आणि संघ लिहा. ग्रॅहमचं पान असं झालं: 2003 ला सेंट्सच्या (म्हणजे आमच्या सेंट हेलेन्स क्लबच्या) मुख्य संघात, 2008 ला इंग्लंडच्या लीगमधल्या वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूचा ‘मॅन ऑफ स्टील’ किताब, 2011 ला सेंट्सकडून शेवटचा हंगाम, 2012 पासून सिडनीत कँटरबरी-बँक्सटाउन बुलडॉग्ज, 2018 पासून सेंट जॉर्ज इलावारा ड्रॅगन्स, 2020 ला परत सेंट्स आणि त्याच वर्षी निवृत्ती.

एवढं पान समोर असलं की लोकांच्या आठवणी कुठे बसतात आणि कुठे बसत नाहीत हे लगेच कळतं. शिवाय न दिसणाऱ्या गोष्टी दिसू लागतात. सेंट्सचं जुनं मैदान नॉस्ली रोड 2010 च्या हंगामानंतर बंद झालं. नवं मैदान 2012 ला तयार झालं. मधलं 2011 चं वर्ष संघाने शेजारच्या विडनेस गावच्या उसन्या मैदानावर काढलं. म्हणजे ग्रॅहम गेला तो परक्या मैदानावरून. नऊ वर्षांनी तो परत आला तेव्हा कोविडमुळे प्रेक्षकांना मैदानाचे दरवाजे बंद होते. आमच्या गावाला त्याला नीट निरोप देता आला नाही, ना जाताना, ना परत आल्यावर. ही वही करायलाच हवी असं मला वाटलं ते हे पान लिहिल्यावर.

फोटोंवर संघाचं नाव आणि वर्ष लगेच पेन्सिलीने मागे लिहा. ग्रॅहमच्या बाबतीत तर हे फारच गरजेचं. सेंट्सचा शर्ट पांढरा आणि छातीवर मोठा लाल व्ही. सिडनीच्या ड्रॅगन्सचाही शर्ट पांढरा आणि छातीवर लाल व्ही. 2018 ला टीव्हीवर त्याला त्या शर्टात बघून इथल्या कित्येकांच्या पोटात कालवलं. पण वहीत 2018 चं कात्रण 2008 च्या पानावर चिकटलं तर पुढची पिढी गोंधळेल.

माणसांकडून काढून घ्या

खरं काम इथे आहे, सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या.

“ग्रॅहम कसा होता?” असं विचारलं की सगळे एकच उत्तर देतात, फार चांगला होता. त्यातून हाती काही लागत नाही. “नॉस्ली रोडवर तुम्ही कुठे उभे राहायचा?” असं विचारा. पॉप्युलर साइडला उभा राहणारा माणूस आधी तिथला पत्रा, पाऊस, शेजारी उभा राहणारा भाऊ हे सांगतो आणि बोलता बोलता ग्रॅहमपाशी येतो. त्या वाटेने आलेली आठवण खरी असते. आमच्याकडे औषधं तयार होईपर्यंत बाकावर बसणारी म्हातारी मंडळी याच प्रश्नाने खुलली. एका आजोबांनी सांगितलं की सामना संपल्यावर पोरं कुंपणाशी थांबायची आणि हा मार खाऊन सुजलेला माणूस त्यांच्या वह्यांवर सही करत राहायचा. ते मैदान आता नाही, त्या जागेवर घरं झाली आहेत. ते आजोबा सांगतात तेवढंच आता उरलं आहे.

ध्वनिमुद्रण फोनवर करा. आधी परवानगी विचारा आणि ती परवानगीही मुद्रणात येऊ द्या. सुरुवातीला तारीख, वार, बोलणाऱ्याचं नाव मोठ्याने म्हणा. फोन टेबलावर ठेवताना खाली रुमाल घाला, नाहीतर कपबशीचा आवाज बोलण्यापेक्षा मोठा येतो. आणि कुणी मधेच गप्प झालं तर तुम्हीही गप्प राहा. दुसरा प्रश्न घाईने टाकला की जे येणार होतं ते परत जातं.

बायकांना वेगळं विचारा. घरात सामन्याबद्दल पुरुष बोलतात आणि बाई स्वयंपाकघरात असते म्हणून तिला काही आठवत नाही असं समजू नका. शर्ट कुणी धुतले, कुठल्या सामन्याला पोराला पहिल्यांदा नेलं, हे तारखेसकट त्यांनाच आठवतं.

आठवण पडताळून घ्या, पण फेकू नका

ग्रॅहमबद्दल हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, “बिचारा, शेवटचा सामना सोडला तर एकही फायनल जिंकला नाही.” हे चूक आहे. 2006 ला सेंट्सने हल संघाला 26-4 असं हरवून इंग्लंडची सुपर लीग जिंकली, तेव्हा तो राखीव खेळाडू म्हणून मैदानात उतरला होता. पण लोकांना असं का वाटतं तेही समजून घ्या. 2007 ते 2011 सलग पाच वर्षं सेंट्स अंतिम सामना हरले, चार वेळा लीड्सकडून आणि एकदा शेजारच्या विगनकडून. मग सिडनीला जाऊन ऑस्ट्रेलियातल्या लीगच्या फायनलमध्ये 2012 ला बुलडॉग्ज मेलबर्नकडून 14-4 हरले, 2014 ला साउथ सिडनीकडून 30-6. 2017 ला इंग्लंडच्या संघातून विश्वचषकाची फायनल, ब्रिस्बेनला, ऑस्ट्रेलियाकडून 6-0. एवढे घाव पाहिलेल्या माणसाला 2006 आठवत नसेल तर त्याला दोष कसा देणार?

म्हणून आम्ही वहीत दोन्ही लिहितो. डाव्या पानावर माणूस जे म्हणाला ते जसंच्या तसं, उजव्या पानावर नोंद काय सांगते ते. खोडाखोड करायची नाही.

नोंदींसाठी गावच्या वाचनालयाचा स्थानिक इतिहासाचा विभाग गाठा. जुनी वर्तमानपत्रं तिथे असतात. आमच्याकडे ‘सेंट हेलेन्स स्टार’ हे पत्र आहे. क्लबकडे पदार्पणाच्या क्रमाने प्रत्येक खेळाडूला दिलेला हेरिटेज क्रमांक असतो, तोही नोंदवून ठेवा.

तिकडच्या बाजूला पत्र टाका

आपल्याकडची वर्षं म्हणजे अख्खा खेळाडू नव्हे. बुलडॉग्जच्या चाहत्यांनी त्याला सहा हंगाम पाहिला आहे, आणि त्यांनाही तो लाडकाच आहे. माझा मावसभाऊ सिडनीला असतो. त्याच्यामुळे तिकडचे सामन्यांचे छापील प्रोग्रॅम आणि ‘रग्बी लीग वीक’ची कात्रणं मिळाली, हे साप्ताहिक 2017 ला बंद पडलं, तेव्हा असे अंक दिसले की उचला.

तिकडच्या आठवणींत वेळेचा हिशेब ठेवा. इंग्लंडच्या उन्हाळ्यात सिडनी नऊ तास पुढे असतं. म्हणजे त्यांचा शुक्रवारी रात्रीचा सामना आमच्याकडे शुक्रवारी दुपारच्या आत, आणि त्यांची रविवार संध्याकाळची फायनल आमच्या न्याहारीला. सिडनीचा ग्रॅहम इथे चहा-टोस्टबरोबर पाहिला गेला आहे. “मी तो सामना रात्री पाहिला” असं कुणी इथला म्हणाला तर ते बहुधा पुनर्प्रक्षेपण असतं, तसं लिहा.

तो गेला याचा राग काहींच्या मनात असतो. तोही लिहून घ्या, पण त्याच्या शेजारी जेमी लायनचं नाव लिहा. सिडनीच्या पॅरामॅटा संघाचा हा खेळाडू 2005 ला सेंट्सकडे आला, त्याच वर्षी ‘मॅन ऑफ स्टील’ झाला आणि पुढे परत ऑस्ट्रेलियाला गेला. आम्ही त्याला डोक्यावर घेतलं तेव्हा पॅरामॅटाचे लोकही आमच्यासारखेच हळहळले असतील.

वाईट पानंही ठेवा

2012 च्या फायनलमध्ये ग्रॅहमने मेलबर्नच्या बिली स्लेटरच्या कानाला चावा घेतल्याचा ठपका आला आणि त्याच्यावर 12 सामन्यांची बंदी बसली. आमच्यातल्या एकाला हे पान नको होतं. मी हट्टाने ठेवलं. ते गाळलं तर बाकीच्या पानांवर कुणी का विश्वास ठेवावा?

2014 च्या फायनलचा प्रश्न जास्त अवघड आहे. पहिल्याच पकडीत ग्रॅहम आणि साउथ सिडनीचा सॅम बर्जेस यांची डोकी आपटली. बर्जेसच्या गालाचं हाड मोडलं आणि तो तसाच पूर्ण सामना खेळला. दोघेही इंग्लंडमधून सिडनीला गेलेले. ती टक्कर वर्षानुवर्षं शौर्य म्हणून दाखवली जाते. निवृत्तीनंतर ग्रॅहमने मात्र डोक्याच्या दुखापतींबद्दल उघडपणे बोलायला सुरुवात केली, त्यावर पॉडकास्ट केलं. म्हणून आमच्या वहीत त्या टकरीचा फोटो आहे आणि त्याच पानावर त्याने पुढे घेतलेल्या या कामाचीही नोंद आहे. तुमचा खेळाडू मार खाणाऱ्या खेळातला असेल तर नुसत्या टकरी टकरी जोडलेले व्हिडिओ त्याची आठवण म्हणून लावू नका. त्याचं कौशल्य दाखवा. ग्रॅहमचे पास शोधायला वेळ लागतो, पण सापडतात.

कागद आणि कापड

वर्तमानपत्राचा कागद स्वतःच्या आम्लानेच पिवळा पडतो आणि तुटतो. कात्रण मिळालं की आधी खिडकीच्या उजेडात, सपाट ठेवून, सरळ वरून फोटो काढा. मग ते आम्लरहित कागदात ठेवा. सेलोटेप लावू नका, स्टेपलरच्या पिना काढून टाका, त्या गंजतात. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या छपाईला चिकटतात, पॉलिएस्टरच्या घ्या. वही माळ्यावर किंवा बाहेरच्या भिंतीलगत ठेवू नका, इथल्या ओलीने पानं फुगतात. शर्ट गार पाण्यात हाताने धुवा, इस्त्री करू नका, घडी घालण्याऐवजी साध्या पांढऱ्या कागदासकट गुंडाळा. घडीवर छापील अक्षरं तडकतात.

एकत्र बसून पाहणं

वर्षातून एकदा लोकांना बोलवा. क्लबची खोली, कुणाचं घर, काहीही चालेल. आम्ही नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बसतो, कारण 27 नोव्हेंबर 2020 ला, हलच्या रिकाम्या मैदानात, विगनविरुद्ध तो शेवटचा खेळला. ‘पाय’ (pie, सारण भरून भाजलेला पदार्थ) आणि वाटाण्याचं पातेलं शेजाऱ्यांकडून येतं, बटाटेवडे माझे असतात.

सामना पूर्ण दाखवा, तुकडे नकोत. गुण 4-4, वेळ संपल्याचा भोंगा वाजलेला, टॉमी मॅकिन्सनने मारलेला ड्रॉप गोल (चेंडू जमिनीवर टाकून उसळताच खांबांच्या मधून मारायची किक) खांबाला लागून परत येतो, आणि जॅक वेल्सबी धावत जाऊन शेवटच्या रेषेपलीकडे चेंडूवर पडतो, त्याचे चार गुण. 8-4. तेव्हा प्रत्येकजण आपापल्या घरात एकटा ओरडला होता. म्हणून इथे आवाज मोठा ठेवा आणि ओरडू द्या. त्यानंतर पडदा बंद करून वही फिरवा. त्या दिवशी तुम्ही कुठे होता, कुणाला फोन केला, हे प्रत्येकाने स्वतःच्या अक्षरात लिहायचं. मुलांकडूनही लिहून घ्या, चित्र काढलं तरी चालेल.

सगळी पानं स्कॅन करून एक प्रत दुसऱ्या घरात ठेवा आणि एक वाचनालयाला द्या, देताना त्यांच्याकडून पावती घ्या. खेळाडूला प्रत पाठवायची असेल तर क्लबच्या पत्त्यावर, क्लबमार्फतच पाठवा. त्याच्या घरचा पत्ता शोधत बसू नका. सोबत उत्तराची मागणी करणारं पत्र नको. पहिल्या पानावर गावाचं नाव, वर्ष आणि लिहिणाऱ्यांच्या सह्या एवढं पुरे.