प्राण्यांची चित्रं दाखवताना या चुका टाळा

"हे काय? आणि हे? मावशीला सांग बघू!" या परीक्षेइतकी जुनी खोड दुसरी नाही. दीड वर्षाच्या पोराला बैलाच्या शेपटीचा गोंडा बघायचा असतो, आईला मात्र 'बैल' ऐकायची घाई. तीनदा विचारलं की पोर पुस्तकच मिटतं. मग आमच्या वाचनालयात तक्रार येते, "याला पुस्तकांची आवडच नाही हो." आवड आहे, उलटतपासणी नकोय. मी नावसुद्धा उशिरा सांगते. "अगो बाई, केवढी शिंगं!" म्हणायचं आणि गप्प बसायचं. पोराचं बोट जिथे जाईल, बोलायचं ते त्याबद्दल. सगळा वेळ एकाच पानावर गेला तरी चालेल. "आज दहा प्राणी झाले" म्हणून मिरवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पुस्तकही देत नाही.

दुसरी चूक, एका चित्रावरून अख्खी जात ठरवणं. कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात तेव्हाची गोष्ट. टोपली उचलली, ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची पिल्लं वाळूवरून पाण्याकडे निघाली. शेजारी मुंबईचे पाहुणे होते, सोबत चारेक वर्षांचा मुलगा. घाबरलं की कासव डोकं आत घेतं, हे त्याला पुस्तकातून पाठ. "बाबा, हे आत का घेत नाही?" बाबा ठामपणे म्हणाले, "घाबरलं की घेईल. टाळ्या वाजव." त्याने टाळ्या वाजवल्या, पाय आपटले, शेवटी दोरीखालून आतच घुसला. स्वयंसेवकाने उचलून बाहेर आणला तेव्हा तो रडत होता, "हे खोटं कासव आहे!" समुद्री कासवाला डोकं कवचात ओढताच येत नाही. पुस्तकातलं तळ्यातलं होतं. पुस्तकाला मी दोष देत नाही. ठाऊक नसताना ठासून सांगणाऱ्या बापाला देते. "माहीत नाही रे, विचारूया" म्हणायला काय जातं? तेव्हापासून मी कासवाची दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवते, एक चालायच्या पायांचं, एक वल्ह्यासारख्या पायांचं.

माप हाताने दाखवा. पानावर मुंगी आणि हत्ती एकाच मापाचे असतात.

टोपी घातलेला हसरा साप कातळावरच्या गावांत मला अजिबात खपत नाही. इथे दगडाखाली जेमतेम हातभर लांबीचं फुरसं असतं, आणि ते विषारी. सापाच्या पानावर मी एवढंच शिकवते: हात लावायचा नाही, मागे सरायचं, मोठ्या माणसाला हाक मारायची. गोंडस गोष्टी सशाच्या सांगा.

शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी, पण आमची पोरं पेंग्विन आधी ओळखतात. परड्यात भारद्वाज फिरतोय, तो आधी दाखवा.

मोबाइलवरचे आवाज नकोत. म्हशीसारखं स्वतः रेकून दाखवा, लाज कसली?

वाघाच्या चित्राला घाबरतो? त्या पानाला चिमटा लावून ठेवा. "काही नाही होत, हात लाव" म्हणत बोट धरून टेकवू नका. धीर आला की चिमटा तोच काढेल.

पुस्तक चावतो? जाड पुठ्ठ्याचं घ्या आणि चावू द्या.

आणि फाटेल म्हणून कपाटात कोंडू नका. आपल्याकडच्या पावसात बंद कपाटातल्या पानांना बुरशी धरते. फाटलेलं पान खळ लावून चिकटवता येतं, बुरशीचं टाकूनच द्यावं लागतं.