मावळ्याच्या मिशा रंगवताना दिवा कुठे, भिंग किती पटीचं?

दिवाळीच्या किल्ल्यावरचे बोटभर मावळे रात्री घरच्या पिवळ्या दिव्याखाली रंगवले. सकाळी पाहतो तर पांढरे अंगरखे मळकट, आणि एकाची मिशी थेट गालावर.

दिवा : खोक्यावर ४००० ते ५००० के (केल्विन, म्हणजे उजेड किती पिवळा की पांढरा त्याचं माप) आणि सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा जास्त लिहिलेला एलईडी घ्या. पिवळ्या दिव्यात पांढरा आणि फिकट पिवळा रंग वेगळे कळतच नाहीत. एकच दिवा असेल तर उजव्या हाताने रंगवणाऱ्यांनी तो डावीकडे, थोडा पुढे ठेवावा. उजवीकडून उजेड आला की ब्रशच्या टोकावर आपल्याच हाताची सावली पडते, आणि नेमका डोळा काढताना पडते. दोन दिवे, दोन बाजूंना, हे उत्तमच. खोलीतला दिवाही चालू असू द्या.

भिंग : डोक्याला लावायचं, पावणेदोन ते दोन पटीचं. दोन्ही हात मोकळे राहतात. जास्त पटीच्या मोहात पडू नका (मी पडलो होतो). साडेतीन पटीला मावळा डोळ्यांपासून जेमतेम १० सेंमीवर धरावा लागतो, मग ब्रश भिंगालाच आपटतो. चष्मा असेल तर त्याच्यावरूनच लावून बघा. अंगरखा, पगडी भिंगाशिवाय. डोळे, मिशा, तलवारीची मूठ तेवढी भिंगातून. मनगटं टेबलाच्या कडेला टेकवा.

काम झालं की भिंग खिडकीत उन्हात ठेवू नका, खालचा कागद पेटू शकतो.